संवत २०२२ चा बाक

माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतो. गेल्या महिन्यात त्याने तेथील एका लहानशा गावातील बाकाचे छायाचित्र मला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली लिहिले, "काका, आपल्या स्टँडवरचा बाक आठवला." बाक लाकडी होता, हिरवळीवर होता आणि त्यावर कोणीही बसलेले नव्हते. पाठीवरच्या पितळी पट्टीवर एका स्वीडिश कुटुंबाचे नाव होते. हे कुटुंब स्वीडनहून आले, त्याने या गावात दुकान थाटले आणि पुढे दोन पिढ्या ते चालवले, एवढीच माहिती तिच्यावर होती.

आमच्या दारव्हा तालुक्यातील गावच्या एस. टी. स्टँडवर असलेला बाक सिमेंटचा आहे. त्यावर रिकामी जागा क्वचितच मिळते. सकाळच्या गाडीची वाट पाहणारी कॉलेजची मुले, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या आणि प्लॅस्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेली कायमची मंडळी असे सर्वजण एका मारवाडी कुटुंबाच्या नावाला पाठ टेकून बसतात. पाठीमध्ये संगमरवरी पाटी बसवली आहे. दर पोळ्याला बाकाला चुना लावणारा माणूस पाटीवरूनही ब्रश फिरवतो, त्यामुळे कोरलेली अक्षरे निम्मी बुजली आहेत. या घराचे आडनाव आम्ही मुलांनी प्रथम वाचले ते या पाटीवरच. तोपर्यंत आमच्या लेखी ते फक्त 'सेठचे दुकान' होते.

पुतण्याच्या छायाचित्राने मला जुन्या सनावळ्या चाळायला लावले. १८६७ साली स्वीडनमध्ये वसंत आलाच नाही म्हणतात. उत्तरेकडे ऐन पेरणीच्या दिवसांत बर्फ होते, पिके बुडाली, आणि पुढच्याच वर्षी दक्षिणेत कोरडा दुष्काळ पडला. त्या तीन वर्षांनी स्थलांतराला जी गती दिली, ती पुढे अनेक दशके ओसरली नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापर्यंत १२ लाखांहून अधिक स्वीडिश माणसे अमेरिकेत गेली होती, आणि तीसुद्धा १९०० साली जेमतेम ५० लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशातून. मला थांबवले ते याच सनांनी. १८६८ ते १८७० या काळात राजपुतान्यातही भयंकर दुष्काळ होता. माणसे आणि गुरे तेथून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे निघाली होती. सेठच्या घरातील पहिला माणूस त्याच लोंढ्यात आला की नंतर, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, परंतु त्यांच्या घरी 'काळ पडला तेव्हा आलो' एवढेच सांगत असत.

तिकडचा स्वीडिश दुकानदार आणि आमचा सेठ, दोघेही रेल्वेच्या मागोमाग आले, असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेतील गृहयुद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी मोल आले. १८६७ साली नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली, १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला, आणि पुढे आमच्या भागात 'शकुंतला' या गाडीचा छोटा रूळ आला. ती गाडी आता बंद पडली आहे. तिकडे १८६२ च्या कायद्याने स्थायिक होऊ पाहणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती, त्यामुळे शेतकरी आधी आला आणि दुकानदार नंतर. लोणी आणि अंडी देऊन त्या बदल्यात मीठ, कापड, खिळे नेण्याचा व्यवहार त्या दुकानांत चालत असे. हाती रोकड नसलेल्याला पीक निघेपर्यंत उधारही मिळे. या दुकानदारांपैकी काही फार मोठे झाले. जॉन नॉर्डस्ट्रॉम १८८७ साली सोळाव्या वर्षी स्वीडनच्या उत्तरेतून पाच डॉलर घेऊन निघाला आणि १९०१ साली भागीदारीत त्याने सिअॅटलमध्ये जोड्यांचे दुकान काढले. आमच्याकडचे उदाहरण वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचे. सीकरजवळच्या खेड्यात जन्मलेल्या आणि वर्ध्याच्या बच्छराज सेठांच्या घरी दत्तक आलेल्या या व्यापाऱ्याने १९२८ साली आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. आमचा सेठ यांपैकी कोणीच नव्हता. त्याच्याकडे सरकी, ढेप, गूळ, कोरे धोतर आणि सुतळी मिळे. शिवाय त्याच्याकडे वही होती.

ती वही मी लहानपणी पाहिली आहे. लाल खारव्याचे पुठ्ठे असलेली, मधोमध दुमडलेली, लांबट वही होती. सेठ मांडी घालून गादीवर बसे आणि मुडिया या व्यापाऱ्यांच्या लिपीत, काना-मात्रा न देता, भराभर लिहीत जाई. माझ्या आजोबांना थोडेफार वाचता येत असे, पण ही अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती. पेरणीला ज्वारी न्यायची आणि सुगीला सव्वापट परत करायची, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता, मात्र मागची बाकी किती धरली आहे हे सेठ वाचून दाखवील तेवढेच कळत असे. १९३० नंतर कापसाचा भाव कोसळला तेव्हा आमचे नाल्याकाठचे वावर गहाण पडले आणि ते शेवटपर्यंत सुटले नाही. अशी घरे गावोगाव होती, म्हणून तर १९३३ साली मध्य प्रांतात कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला. आणि तरीही माझ्या आत्याच्या लग्नात रात्री अकरा वाजता साखर कमी पडली, तेव्हा कंदील घेऊन दुकान उघडायला सेठ स्वतः उठून आला होता. आजी या दोन्ही गोष्टी एकाच सुरात, एकीला दुसरी लागूनच, सांगत असे.

पाटीवर अर्थातच यातले काही नाही. पाटी देणाऱ्याच्या खर्चाने कोरली जाते, त्यामुळे तिच्याकडून जमाखर्चाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. मिनेसोटातील त्या पट्टीवरही कोणाच्या उधारीचा उल्लेख नाही. मात्र चार-पाच पिढ्या मारवाडीच म्हणवल्या गेलेल्या घराला, स्वतःच्या पैशाने का होईना, आपले नाव गावाच्या मधोमध लिहावेसे वाटले, हे मला आता समजते. सेठचे नातू नागपूरला गेले, दुकानाच्या जागी मोबाइलचे दुकान आले, आणि आमच्या गावात त्या घराची म्हणून एवढी एकच वस्तू उरली.

पुतण्याला उलट छायाचित्र पाठवावे म्हणून मी संध्याकाळी स्टँडवर गेलो. ओल्या फडक्याने पाटी पुसली. नाव निघाले, 'पुण्यस्मृती' निघाली, त्याखाली फक्त '२०२२' एवढे उरले. त्याआधीचा 'संवत' शब्द टवका उडून गेला आहे. हा विक्रम संवत आहे, म्हणजे आपला १९६५-६६ चा सुमार. शेजारी बसलेला कॉलेजचा मुलगा मला समजावू लागला, "काका, हा नवाच आहे, कोरोनानंतर ग्रामपंचायतीनं बसवला."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा पन्नी घोटत होता. त्याने मान वर केली.

"कायचा नवा बे? माह्या बापाचं खातं होतं याच्याकडे," असे म्हणून त्याने पन्नीची गाठ सोडली, आणि फोटोत येऊ नये म्हणून थोडा सरकला.