बुधवारचा कान

दर महिन्याच्या २८ तारखेला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडतो आणि फ्रेंच सरकारला कळवतो, की या महिन्यात मी किती तास वादक होतो.

अकरा वर्षांनंतर मला यात काही वावगं वाटत नाही. पण पहिल्यांदा मिरजेला फोनवर हे सांगितलं तेव्हा आईने विचारलं होतं, "म्हणजे रियाजाचे तास मोजतात का रे?" नाही गं. रियाज कुठलंच सरकार मोजत नाही.

मोजतात ते कार्यक्रमाचे तास. इथे रंगमंचावरचे कलाकार आणि पडद्यामागचे तंत्रज्ञ यांच्यासाठी बेकारी विम्याची वेगळी व्यवस्था आहे. तिच्यात बसणाऱ्याला 'आंतेरमितां' म्हणतात, म्हणजे ज्याचं काम अधूनमधून असतं तो. १९३६ साली सिनेमाच्या तंत्रज्ञांसाठी हे सुरू झालं, पुढे नट-वादकही त्यात आले. अट एकच: बारा महिन्यांत ५०७ तासांचं नोंदवलेलं काम. तेवढं भरलं, की पुढचं वर्षभर ज्या दिवशी काम नाही त्या दिवसाचा भत्ता मिळतो. ५०६ भरले तर नाही. २००३ साली हे नियम कडक केले तेव्हा कलाकारांनी असा संप केला, की आविन्यॉंचा नाट्यमहोत्सवच त्या वर्षी रद्द झाला. इथले लोक या आकड्याबद्दल किती हळवे आहेत ते यावरून समजा.

आता गंमत बघा. वादकाच्या एका बिदागीला 'काशे' म्हणतात आणि एक काशे म्हणजे १२ तास. तुम्ही वीस मिनिटं वाजवा नाहीतर तीन तास, खात्यात १२ जमा. म्हणजे वर्षाला ४३ कार्यक्रम झाले की सुटलो. आणि शिकवणी? ती खऱ्या तासांत मोजतात, तीही मान्यताप्राप्त संस्थेत केलेली, आणि ५०७ पैकी जास्तीत जास्त ७० तास. मी दर बुधवारी सहा तास शिकवतो. वर्षाचे दोनशेच्या वर होतात. सगळ्यांचा पगार मिळतो, पण सत्तरच्या पुढचे तास या खात्यात धरत नाहीत. सत्तर वजा केले तरी ३७ काशे उरतातच. पन्नाशीनंतर ही मर्यादा १२० होते. पन्नाशीच्या वादकाला रात्रीपेक्षा दुपार बरी पडते हे सरकारला कुणीतरी सांगितलेलं दिसतं.

३७ हा आकडा कागदावर लहान वाटतो. पण बारचा मालक कार्यक्रम संपल्यावर गल्ल्यातून चार नोटा काढून हातात ठेवतो आणि पाठीवर थाप मारतो, तेव्हा ते पैसे मिळतात आणि १२ तास बुडतात. रीतसर नोंदवायचं तर माझ्या हातात जे पडतं, जवळपास तेवढंच त्याला वर विम्याचं भरावं लागतं. एका मालकाने तर "उद्या नोंदवतो" म्हणत मला आठ महिने झुलवलं. तो उद्या अजून उगवायचाय. आणि २१ जूनला, १९८२ पासून चालत आलेल्या संगीताच्या सणाला, सगळा देश रस्त्यावर येऊन गाणं ऐकतो. वादकांनी फुकट वाजवावं अशी त्यामागची मूळ कल्पना आहे. हौशी लोकांसाठी ती फार सुंदर आहे. आम्ही त्या दिवशी बिअरवर वाजवतो.

असो. मी सॅक्सोफोन वाजवतो. मिरजेचं पोर, सतारमेकर गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून वाढलेलं, तंबोरा सोडून हे काय घेऊन बसलं, हा प्रश्न गावात अजून विचारतात. उत्तर सोपं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नाच्या बँडचं दुकान होतं. लग्नसराई संपली की तिथला एक वादक भर दुपारी बाकड्यावर बसून एकटाच अल्टो सॅक्सोफोन वाजवायचा, गाणं नव्हे, नुसते सूर लांबवत. मला वाटायचं, लग्नात वाजवतो त्यापेक्षा हे कितीतरी चांगलं आहे, मग हे लग्नात का नाही वाजवत? पुढे पुणं, गोव्यातली हॉटेलं, मग इथे विद्यार्थी म्हणून. विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास काम करायची मुभा असते. बघा, तिथेही तासच. मग कलाकार म्हणून राहण्याच्या परवान्याचं कार्ड.

राहतो मोंत्रॉयला, पॅरिसला पूर्वेकडून चिकटलेलं गाव, मेट्रोच्या नऊ नंबरच्या लाइनीचं शेवटचं टोक. हे गाव मी भाड्यामुळे निवडलं, पण नंतर कळलं की केनी क्लार्क इथेच राहायचा आणि १९८५ साली इथेच गेला. ज्यांना हे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ड्रमवरचा ठेका पायाच्या मोठ्या ढोलावरून उचलून वरच्या झांजेवर नेणारा माणूस. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिंटन्स नावाच्या क्लबात १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला बीबॉप हा जॅझचा नवा प्रकार जन्मत होता, तेव्हा तिथल्या ड्रमवर हा होता. १९५६ मध्ये अमेरिका सोडून इथे आला. रात्री वाजवायचा, दांते अगोस्तिनी या ड्रमवादकाबरोबर ड्रमची शाळाही चालवायचा. एवढ्या मोठ्या माणसालाही मुलांना मनगट सैल सोडायला सांगावं लागत असणार, या विचाराने मला बुधवारी सकाळी बरं वाटतं.

आणि माझं वाद्य ज्याच्या नावाचं, तो आदोल्फ साक्स तरी काय वेगळा होता? बेल्जियमचा माणूस, पॅरिसला कारखाना टाकला, १८४६ मध्ये पेटंट घेतलं, तीनदा दिवाळखोर झाला, आणि १८५७ पासून तेरा वर्षं पॅरिसच्या संगीतशाळेत लष्करी बँडच्या पोरांना स्वतःचं वाद्य शिकवत होता. १८७० साली तो वर्ग बंद पडला तो थेट १९४२ मध्ये पुन्हा उघडला.

बुधवारच का? कारण बहुतेक गावांत लहान मुलांना बुधवारी शाळा नसते. त्या दिवशी सगळ्या देशातली पोरं ज्यूदो, पोहणं आणि संगीत यांच्यात विभागली जातात. माझी संगीतशाळा नगरपालिकेची. अर्ध्या अर्ध्या तासाला एक मूल, दिवसाला बारा. दाराला काचेची खिडकी आहे. तिसावं मिनिट लागलं की तिच्यात पुढच्या मुलाच्या आईचा चेहरा उगवतो. मिरजेत मी ज्या मास्तरांकडे पेटी शिकलो, त्यांच्या खोलीत घड्याळच नव्हतं. सूर लागला तर चहा, नाही लागला तर पुन्हा. इथे सूर लागत असेल त्याच क्षणी खिडकीत आई दिसते. शिवाय इथे मुलं मला नावाने हाक मारतात, अरेतुरे करतात. हे मी आमच्या आईला एकदाच सांगितलं. तिने विषय बदलला.

दिवसाची पहिली दहा मिनिटं मात्र दर वेळी रीडमध्ये जातात. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेळूसारख्या दिसणाऱ्या एका गवताची पातळ पट्टी बांधलेली असते, तिच्या थरथरण्यातून आवाज निघतो. हे गवत फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या व्हार भागात फार चांगलं होतं. जगभर रीड पुरवणारी व्हांदोरेन कंपनी इथलीच. १९०५ मध्ये पॅरिसच्या ऑपेरातल्या एका क्लॅरिनेटवादकाने ती सुरू केली. म्हणजे तोही जोडधंदावालाच! मोंमार्त्रच्या चढावर त्यांचं दुकान आहे. दहाची पेटी घ्यावी तर तीन रीड लगेच बोलतात, चार समजूत घातल्यावर, उरलेल्या तीन मुलांना देऊन टाकाव्यात असा मोह होतो. मी देत नाही, कारण मुलांना आधीच खूप अडचणी असतात.

समजूत घालायची म्हणजे ६०० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवायचा, रीडचा सपाट भाग त्याच्यावर दोनदा फिरवायचा, तोंडात ओली करायची, वाजवून बघायची. जड वाटली तर कडेने हलका हात. एक फेरा जास्त झाला तर रीड मेली. माझ्याबरोबर शिकवणारी पियानोची बाई हे एकदा बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, गल्लीने. खरंच. लहानपणी शाळेतून येताना मी सतारमेकरांच्या ओट्यावर जवारी काढताना, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासताना, बघत बसायचो. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान खाली न्यायचा, पुन्हा कानस. बोलायचं नाही. तो कारागीर ऐकत असायचा तेव्हा त्याचे डोळे कुठेच बघत नसत.

हे रीडपुरतं नाही. मला ज्याबद्दल लिहायचं होतं ते हेच.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा वर्षाचा हिशोब बंद व्हायला दोन आठवडे उरले होते आणि तीन काशे कमी पडत होते. अशा वेळी माणूस काहीही स्वीकारतो. मी बुधवारी रात्रीचं एक काम घेतलं, शातलेजवळच्या एका तळघरात, चौघांचा संच. दुपारी बारा मुलं, संध्याकाळी मेट्रोत एक सँडविच, नऊला मंचावर. साधा फा मधला ब्लूज, झोपेतही वाजवीन असा. वाजवायला लागलो आणि प्रत्येक सूर बाहेर पडल्या पडल्या कुणीतरी उचलून तपासतंय असं वाटायला लागलं. हा जरा खाली. खांदे वर गेले. अंगठा ताठ आहे. इथे श्वास उशिरा घेतलास. सगळं बरोबर होतं, म्हणजे सगळ्या सूचना बरोबर होत्या. मध्यंतरात आमचा ड्रमर सिगरेट पेटवत म्हणाला, "आज तू वाजवत नव्हतास, वह्या तपासत होतास."

मास्तरचा कान मागे बघतो. जो सूर होऊन गेला त्याच्याकडे. त्याला तेच काम आहे. वाजवणाऱ्याचा कान पुढे असावा लागतो, बास काय करणार आहे, ड्रमर कुठे थांबणार आहे तिकडे. जॅझमध्ये चुकीचा सूर लागला तर तो चूक की बरोबर हे पुढच्या सुरावर ठरतं. आपल्याकडे नाही का, जाणत्याने विवादी, म्हणजे रागात न बसणारा, स्वर लावला तर रागाला शोभा येते? तसंच. पण मास्तरचा कान तोवर थांबतच नाही. लाल शाई घेऊन हजर.

उलटंही होतं. सलग चार रात्री वाजवून बुधवारी वर्गात गेलो, की रात्रीचा कान बरोबर येतो. एका वर्षी मार्चमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीला स्वतःचं काहीतरी सुचायला लागलं, म्हणून मी दर आठवड्याला पियानोवर साथ करत तिला नुसतं खेळू दिलं. तिच्या चुका मला ऐकूच येत नव्हत्या. येत होत्या त्या गोड वाटत होत्या. जूनमध्ये परीक्षक बसले आणि नेमलेला तुकडा मागितला. तो आम्ही उघडलाच नव्हता. ती बिचारी शांतपणे म्हणाली, "पण मी दुसरं काहीतरी वाजवू शकते." तिने वाजवलं. परीक्षक सौजन्याने हसले आणि गुण नियमाप्रमाणे दिले. तिच्या आईने खिडकीतून माझ्याकडे पाहिलेली नजर मला अजून आठवते.

लोक विचारतात, दोन्ही कसं सांभाळता? वेळेचं म्हणत असतील तर उत्तर सोपं आहे: वही, कॅलेंडर, शेवटची मेट्रो चुकवायची नाही. शुक्रवार-शनिवारी ती सव्वादोनपर्यंत असते, इतर दिवशी तासभर आधी जाते. अवघड आहे ते कान बदलणं, आणि त्याला कॅलेंडर लागू होत नाही. मी इतकंच करतो, की बुधवारी रात्री वाजवत नाही, तीन काशे कमी पडले तरी. गुरुवारी सकाळी खिडकी लावून अर्धा तास एकच सूर लांबवत बसतो, त्या बँडवाल्यासारखा. गाणं नाही. हळूहळू तपासणारा कंटाळतो आणि उठून जातो. कधी जात नाही. मग त्या आठवड्यात जे वाजतं ते नीटनेटकं असतं, आणि नीटनेटकं असल्याबद्दल लोक अभिनंदन करतात, ते मला फार लागतं.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी मोंत्रॉयच्या एका कॅफेत वाजवत होतो. समोरच्या टेबलावर माझा नऊ वर्षांचा एक विद्यार्थी वडिलांबरोबर येऊन बसला, हॉट चॉकलेट घेऊन. पूर्ण वेळ त्याने माझ्यावरून नजर हलवली नाही. मला वाटलं, पोराला लागलं बरं का वेड. संपल्यावर तो सरळ माझ्यापाशी आला.

"तू गाल फुगवतोस," तो म्हणाला.

वडील ओशाळले. मी त्याला वर्षभर दर बुधवारी गाल फुगवू नकोस म्हणून सांगत आलोय. खालच्या मंद्र सुरांवर मी फुगवतो हे मला माहीत नव्हतं. घरी जाऊन आरशासमोर वाजवून पाहिलं. फुगवतो.

बुधवारी तो आला. पेटी उघडली, पट्टा गळ्यात अडकवला, आणि माझ्याकडे तिरकं बघत बेडकासारखे गाल फुगवून खालचा सूर लावला. सूर मोठा होता, भरलेला, जरासा खाली. मी त्याला म्हटलं, रीडचा कोपरा उडालाय, आधी ती बदल.