ढगाचे निमित्त

ॲरिझोनातील टूसॉनच्या दक्षिणेस, सांता रिटा पर्वतरांगेत, माउंट राइटसन हे २८८१ मीटर उंचीचे शिखर आहे आणि तेथे लोकांना चढवून सुखरूप खाली आणणे हा माझा व्यवसाय आहे. मडेरा कॅनियनमधील ज्या वाहनतळापासून ओल्ड बाल्डी ही वाट सुरू होते, त्याचीच उंची जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकी आहे. तेथून आणखी सुमारे बाराशे मीटर चढायचे असते. ही तुलना मी मराठी पाहुण्यांना आवर्जून ऐकवतो, परंतु गेल्या जुलैत नातीबरोबर आलेल्या, सत्तरीला टेकलेल्या नाशिकच्या काकांवर तिचा काडीचाही परिणाम झाला नाही. “अरे, भर पावसात हरिश्चंद्रगड चढलोय मी,” एवढे बोलून ते चालू लागले.

जुलैत पहाटे साडेचारला निघावे, असे मी आमच्या कार्यालयाला अनेकदा कळवले आहे. पाहुण्यांची न्याहारी चुकू नये म्हणून वेळ सातचीच राहते. खाली सायकॅमोर आणि ओकची इतकी सावली असते की आपण वाळवंटात आहोत याचा विसर पडतो, आणि या वाटेवर माणूस फसतो तो येथेच. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे लागते. मी प्रत्येकाला चार लिटर पाणी देतो आणि थांब्यागणिक बाटल्या स्वतः उचलून पाहतो, कारण “प्यायलो” या शब्दावर माझा विश्वास नाही. जोसेफीन खिंडीत काकांच्या बाटल्या मात्र मी पाहिल्या नाहीत. नातीसमोर वडीलधाऱ्या माणसाची झडती घेणे मला प्रशस्त वाटले नाही.

बेलोज झऱ्यापुढच्या वळणांवर त्यांचे बोलणे थांबले आणि पाऊल दोनदा अडखळले. बाल्डी खिंडीत साडेअकरा वाजले, तेव्हा शिखर दीड किलोमीटरही उरले नव्हते. या दिवसांत येथे तापलेली दमट हवा उतारावरून वर चढते, माथ्यावर पांढरा पुंजका धरतो आणि तासा-दोन तासांत त्याचा गडगडाटी मनोरा होतो. वीज पुष्कळदा पावसाआधीच पडते आणि माथ्यावर उघड्या खडकाशिवाय काही नाही. त्या दिवशी पुंजका होता, पण लहान. दुसरी तुकडी असती तर तिला मी कदाचित वर नेले असते. “विजेचा धोका आहे, येथूनच परतू,” असे मी जाहीर केले आणि सर्वांनाच मीठ-साखरेचे पाणी प्यायला लावले. नात रडवेली झाली. काका हुज्जत घालतील अशी माझी अटकळ होती. ते मुकाट्याने वळले.

ढग पूर्वेकडे सरकून विरला. जोसेफीन खिंडीत बाटल्या उचलून पाहिल्या असत्या तर कदाचित दोघेही शिखरावर पोहोचले असते, हे मनातून जात नाही. नोंदवहीत मी परतण्याचे कारण “हवामान” असे लिहिले.

वाहनतळावर काकांनी स्वच्छ दिसणाऱ्या माथ्याकडे पाहिले. “ढग गेला की रे,” ते म्हणाले आणि पिशवीतून न उघडलेल्या दोन बाटल्या काढून त्यांनी माझ्या हातात दिल्या.