नाताळची मिरवणूक आणि समोरून हललेला हात

रविवार, रात्र

“आई, नुसतं धम धम येतंय. गाणं कुठंय?” लेकाने विचारलं तेव्हा रस्त्यावर अजून काहीच नव्हतं. रिकामा रस्ता, दोन्ही कडांना कठडे, कठड्यांना चिकटलेली मुलं आणि मुलांच्या मागे आम्ही मोठी माणसं. तो मात्र वळणाकडे कान लावून बसला होता. मी सांगितलं, मोठ्या ढोलाचा खर्जातला आवाज इमारतींना वळसा घालून येतो, ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटचे वरचे सूर वाटेत अडतात. बँड वळला की गाणं येईल. तसंच झालं. पहिली ओळ वळली आणि अख्खं गाणं एकदम अंगावर आलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की ते मीच सुरू केलं असावं. ती नजर आजच्या तारखेखाली लिहून ठेवायलाच हवी.

मग त्याला अशी एक गोष्ट दिसली, जी माझ्या कधीच लक्षात आली नसती. “तो ढोलवाला दादा चुकतोय. काठी आधी मारतो आणि आवाज नंतर येतो.” मी नीट पाहिलं तर खरंच! आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे 100-150 मीटरवरच्या ढोलावर पडलेली काठी डोळ्यांना लगेच दिसते, कानांना मात्र तिसरा हिस्सा किंवा जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा कळते. एवढे आकडे मी त्याला सांगितले नाहीत. उजेड आधी पोचतो, आवाजाला वेळ लागतो, एवढंच म्हटलं. त्यानंतर त्याने बाकी सगळं सोडून तेवढा एक ढोल धरला. बँड जवळ येत गेला तशी काठी आणि आवाज यांच्यातली फट मिटत गेली आणि ढोल आमच्या समोर आला तेव्हा तो ओरडला, “आता बरोबर वाजवतोय!” शेजारची माणसं वळून बघायला लागली. बघू देत. मला त्या क्षणी जगातल्या कोणाहीपेक्षा तो हुशार वाटला.

बँडमध्ये ट्रॉम्बोनवाले पहिल्या रांगेत होते. त्यांची नळी पुढे-मागे सरकते, समोर कोणी असेल तर पाठीत बसेल, म्हणून बऱ्याच पथकांत त्यांना पुढेच ठेवतात. हे मला खूप आधी कोणीतरी सांगितलेलं, आज पहिल्यांदा उपयोगी पडलं. अंगाभोवती गुंडाळलेल्या त्या भल्यामोठ्या सूझाफोनबद्दल त्याने विचारलं, “त्यात डोकं अडकत नाही?” नाही अडकत, चालता चालता वाजवता यावा म्हणूनच तो तसा वळवलेला असतो. हे उत्तर त्याला पटलेलं दिसलं नाही.

पण आज मला खरं लिहायचंय ते हात हलवण्याबद्दल.

पहिल्या चित्ररथाला त्याने भीत भीत हात केला, खांद्याच्या खालीच. कोणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्याला जरा वर. मग उंच काठ्यांवर चालणारी एक बाई आली, चंदेरी पायघोळ कपड्यातली. तिने चालता चालता मान वळवली, थेट त्याच्याकडे पाहिलं आणि हात हलवला. गर्दीकडे पाहून हलवतात तसा नाही. त्याच्याकडे बोट केलं आणि मग हलवला. तो क्षणभर गोठलाच. मग माझी बाही ओढून म्हणाला, “तिने मला पाहिलं. मलाच.” त्यानंतर त्याचा हात खाली आला नाही. बर्फाच्या पऱ्यांना, एल्फ झालेल्या मुलांना, रेनडिअरची शिंगं लावलेल्या सायकलवाल्यांना, वाहतूक सांभाळणाऱ्यांनासुद्धा. आणि समोरून उत्तर येत राहिलं.

मला वाटतं, मिरवणूक माणसाच्या चालीने जाते यातच तिची सगळी जादू आहे. ताशी चार-पाच किलोमीटर. या वेगात समोरच्याचे डोळे गाठता येतात, हात उचलायला वेळ मिळतो आणि तो परत हललेला दिसायलाही मिळतो. लहान मूल दिवसभर मोठ्यांच्या वेगामागे धावत असतं. जिना, रस्ता, घाईची सकाळ. आज तासभर एक अख्खा रस्ता त्याच्या वेगाने चालला. आणि त्या रस्त्यावरच्या अनोळखी लोकांना त्याच्याकडे बघण्यापेक्षा महत्त्वाचं दुसरं काम नव्हतं. घरी पडद्यावर हीच मिरवणूक मोठी, स्वच्छ आणि आरामात दिसली असती. हात हलवला असता तर उत्तर कोणी दिलं असतं?

मधे बराच वेळ तो माझ्या खांद्यांवर होता. आता तो त्या मापाचा राहिलेला नाही, मान अजून दुखतेय, पण उतर म्हणावंसं वाटलं नाही. त्याच्या टाचा माझ्या छातीवर ताल धरत होत्या. समोर कोणाची तरी टोपी होती, मला निम्मं दिसत नव्हतं. तो वरून सांगत होता. “आता घोडा. खोटा. आतमध्ये दोन माणसं आहेत. मागच्याचे बूट वेगळे आहेत.” माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या मिरवणुकीपेक्षा त्याने सांगितलेली मला जास्त आवडली.

सांता शेवटीच का येतो, हा त्याचा प्रश्न. याचं उत्तर इतिहासात आहे. 1905 च्या डिसेंबरात टोरंटोत ईटन्स या मोठ्या दुकानाने सांताचं रेल्वे स्टेशनवर स्वागत केलं आणि तिथून त्याला दुकानापर्यंत आणलं. पुढे त्याची भलीथोरली मिरवणूक झाली. न्यूयॉर्कमध्ये 1924 साली मेसीज या मोठ्या दुकानाच्या कर्मचाऱ्यांनी वेश करून अशीच मिरवणूक काढली, बरोबर प्राणिसंग्रहालयातून आणलेले खरेखुरे प्राणी होते आणि सगळ्यांच्या शेवटी सांता. तिथले ते प्रसिद्ध महाकाय फुगे 1927 पासूनचे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये 1933 पासून असा सोहळा होतो आणि रस्त्यावर निळी रेघ आखतात, मुलांनी तिच्या मागे बसायचं. मुलांची जागा थेट रस्त्यावर आखून देणारं शहर मला फार आवडतं. दुकानांना सांता आपल्या दारात पोचवायचा होता, त्याच्यापासून खरेदीचा हंगाम सुरू व्हायचा. हेतू विक्रीचाच होता. पण वाट पाहायला लावून शेवटी त्याला आणायचं, हे ज्यांनी ठरवलं त्यांना मुलं कळत होती. सांता आधी येऊन गेला असता तर मागच्या कोणाकडे कोणी पाहिलं असतं?

लेकाला मी यातलं थोडंच सांगितलं. स्पेनमध्ये 5 जानेवारीच्या संध्याकाळी बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची मिरवणूक निघते, हे मात्र सांगितलं. “ते हात हलवतात?” हलवतात, म्हटलं. “मग ठीक.”

सांता आला, दोन्ही हात हलवत. खांद्यांवर एकच गडबड उडाली. पुढचा मिनिटभर मला काही ऐकू आलं नाही.

खरी गंमत मात्र नंतर झाली. परतताना बाजूच्या गल्लीत चित्ररथ ओळीने उभे होते, दिवे अजून चालू. ताऱ्यांनी मढवलेल्या एका रथाच्या पोटात छोटं दार उघडलं आणि आतून एक काका वाकून बाहेर आले. लेक थबकला. रथाच्या आत माणूस असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. काकांनी त्याला आतलं आसन आणि स्टिअरिंग दाखवलं आणि समोरची फट, हाताच्या पंजाएवढी, जिच्यातून ते रस्ता बघतात.

“तुम्हाला मिरवणूक दिसते का?”

“पुढच्या रथाची मागची बाजू दिसते. दरवर्षी तेवढीच.”

लेक गंभीर झाला. “आम्ही हात करत होतो ते?”

“नाही रे राजा. आवाज येतो फक्त.”

मग तो फुटपाथवर नीट उभा राहिला आणि त्याने काकांना मिरवणूक सांगायला सुरुवात केली. काठ्यांवरची बाई कशी चालते ते करून दाखवलं, खोट्या घोड्याच्या मागच्या माणसाचे बूट सांगितले. मी दोनदा “चल आता” म्हटलं, पण काकाच म्हणाले, “राहू द्या हो, ऐकतोय मी.” आणि ते खरंच ऐकत होते, हातमोजे काढून, दाराला टेकून.

“आणि माझा रथ?” त्यांनी विचारलं. “चालताना तो कसा दिसतो, मी कधी पाहिलंच नाही.”

“सगळ्यात मोठा दिसतो. सगळे तारे एकदम चमकतात,” लेक म्हणाला. मग जरा थांबून, “पण या बाजूचा एक तारा बंद होता.”

“कुठला?”

“चला, दाखवतो.”

काकांनी खिशातून टॉर्च काढला आणि दोघं रथाच्या पलीकडे तारा शोधायला गेले.