ऑरेंज सिटीत ऑरेंजची पंचाईत

आंबिया बहाराची संत्री नागपुरात कळमन्याच्या बाजारात ओतली जातात त्या दिवसांत आमच्या ऑफिसात चहा कपातच गार होतो. मी एक्सपोर्टच्या कागदपत्रांचं काम करते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो, कस्टम्सला द्यायच्या शिपिंग बिलाची चेकलिस्ट. फळाशी माझा संबंध वजन आणि पेट्यांपुरता. त्या दिवशी मात्र ‘ऑरेंज म्हणजे काय’ हा प्रश्न सकाळी टेबलावर येऊन बसला, तो संध्याकाळपर्यंत हलला नाही.

माल काटोलकडच्या एका बागायतदार गटाचा होता, जायचा होता दुबईला. इनव्हॉइस त्यांनीच करून दिलं होतं, बांगलादेशच्या जुन्या फायलीवरून. दुबईच्या खरेदीदाराला कागदांचे मसुदे आणि पेट्यांचे फोटो गेले आणि सकाळी एका ओळीचं उत्तर आलं: कागदावर ऑरेंज आहे, फोटोत मँडरीन दिसतंय, येतंय काय?

कागद शेजारी शेजारी मांडले. इनव्हॉइसवर ‘फ्रेश ऑरेंज’ आणि एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या यादीतला मालाचा क्रमांक, ०८०५ १०. फायटोच्या मसुद्यावर, म्हणजे फळ रोगकिडीपासून मुक्त आहे असं सांगणाऱ्या दाखल्यावर, शास्त्रीय नाव लागतंच. तिथे ‘सिट्रस रेटिक्युलाटा’. रेटिक्युलाटा म्हणजे मँडरीन. कोडच्या यादीत ऑरेंज वेगळं आणि मँडरीन वेगळं. २०१७ च्या बदलानंतर तर मँडरीनचा कोड ०८०५ २१, आणि त्याचं भावंड क्लेमेंटाइन ०८०५ २२ असं सुटं बसवलंय. एकच फळ दोन कागदांवर दोन जातींचं झालं, की तिकडचा तपासनीस कंटेनर बाजूला लावतो. रीफरला, म्हणजे थंड कंटेनरला, वीज लागते, विजेचं भाडं लागतं आणि आतलं फळ कुणासाठी थांबत नाही.

गटाच्या म्होरक्यांना फोन केला. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ते नागपुरातच होते, तासाभरात हजर झाले, हातात पिशवी.

“काहून वो म्याडम, संत्र्याले ऑरेंज नाई म्हणत त काय म्हणते?”

“मँडरीन.”

“हे काय औषध हाये का?” पिशवीतून एक संत्रं काढून त्यांनी माझ्या कीबोर्डशेजारी ठेवलं. “आख्खं गाव ऑरेंज सिटी, मेट्रोची लाइन ऑरेंज, अन् तुमी संत्र्यालेच ऑरेंज म्हणू देऊन नाई राहिले!”

मी ते संत्रं उचललं. देठाकडे सालीचा थोडा फुगवटा, दाबलं की आत पोकळी जाणवते. अंगठा घातला आणि एका दमात साल निघाली, फोडी आपसूक सुट्या झाल्या. हीच मँडरीनची खूण. इंग्रजीत नुसतं ऑरेंज म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे येतं ते घट्ट सालीचं, सुरीने कापून रस काढायचं फळ. आपल्याकडचे फळशास्त्रज्ञ स्वीट ऑरेंज म्हणतात ते मोसंबीला. म्हणजे इंग्रजांच्या मनातलं ऑरेंज नागपुरात शोधायचं, तर संत्र्याच्या ढिगाकडे पाठ करून मोसंबीवाल्याकडे जायला हवं. हे ऐकल्यावर भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या बागेवर नांगर फिरवला.

मला शब्दांची खोड आहे, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले आणि विषय तोच. भाऊही थांबले होते.

शब्द मुळात आपल्याच बाजूचा. संस्कृतात नारंग, आणि तोही बहुधा द्राविडी भाषांतून आलेला. इथून फारसीत नारंग, अरबीत नारंज, अरबांबरोबर स्पेनला गेला तर नारांखा. इटालियनमध्ये सुरुवातीचा ‘न’ गळाला आणि अरान्चा झालं, कारण आधीच्या ‘उना’त, म्हणजे त्यांच्या ‘एक’मध्ये, एक ‘न’ असतोच, ऐकणाऱ्याला दुसरा लागतो कशाला? फ्रेंचांमार्फत इंग्रजीत पोचेपर्यंत ऑरेंज. गंमत म्हणजे हा सगळा प्रवास केला तो कडू फळाने. युरोपात पहिल्यांदा पोचलं ते कडू ऑरेंज. गोड ऑरेंजचा प्रसार पुढे पोर्तुगीजांनी केला आणि त्याने जुन्याचं नाव बळकावलं. आपलं सुट्या सालीचं मँडरीन इंग्लंडात पोचलं १८०५ च्या सुमारास. तोवर ऑरेंज हे नाव दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढलेलं होतं.

“म्हंजे आपून लेट झालो,” भाऊ म्हणाले.

वंशावळीत मात्र उलटं आहे. मँडरीन, पपनस आणि महाळुंग ही लिंबूवर्गातली मूळ घराणी. पपनस आणि मँडरीन यांच्या संकरातून गोड ऑरेंज जन्मलं. तेव्हा संत्र्याचं कुळ थोरलं आणि ऑरेंज त्याच्या पोटचं. भाऊंना हे फारच पटलं. त्यांनी ते लगेच फोन करून काटोलला कळवलंही.

रंगाचं तर आणखी विचित्र. इंग्रजीत हा रंग फळावरून आला. रंगासाठी ऑरेंज वापरल्याची पहिली नोंद १५०२ ची, राजकन्या मार्गारेट ट्यूडरच्या कपड्यांच्या खरेदीतली. त्याआधी त्यांचं काम पिवळा-तांबडा अशा जोडशब्दावर भागायचं. म्हणूनच त्यांचा रॉबिन पक्षी, छाती चक्क नारिंगी असून, नावाने ‘रेडब्रेस्ट’. आमचे साहेब मध्येच म्हणाले, मग हॉलंडचे नारिंगी जर्सीतले फुटबॉलवाले? तिथे फळाचा संबंध नाही. त्यांच्या राजघराण्याचं नाव फ्रान्समधल्या ऑरेंज गावावरून आलं, आणि ते गाव रोमन काळातलं अराउसिओ. दोन नावं बोलता बोलता एकमेकांवर आदळली आणि घराण्याने रंगही उचलला.

आणि मँडरीन? हा शब्द पोर्तुगीजांनी मलायांच्या ‘मंतेरी’वरून उचलला, आणि मंतेरी म्हणजे आपला मंत्रीच. चीनच्या सरकारी अंमलदारांना ते मँडरीन म्हणू लागले आणि पुढे तेच नाव या चिनी फळाला चिकटलं.

भाऊ फोड तोंडात टाकता टाकता थांबले. “मंत्री? मंग लिहा ना वो बिनधास्त! मंत्री म्हणून जाते तर आपल्याले काय तकलीफ हाये?”

त्यांची तक्रार संपली, माझी सुरू झाली. बँकेची एलसी, म्हणजे कागद जुळले की पैसे देण्याची हमी, उघडून पाहिली तर मालाचं वर्णन ‘फ्रेश नागपूर ऑरेंज’. एलसीवर पैसे हवे असतील, तर इनव्हॉइसवरचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलंच पाहिजे. बँक फळ बघत नाही, अक्षरं बघते. आणि ऑरेंज पेटीवरून काढायचं म्हटलं, तर २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते नागपूर ऑरेंज याच नावाने. बँकेला ऑरेंज हवं, कस्टम्सला मँडरीन, फायटो देणाऱ्या क्वारंटाइनला लॅटिन. एका संत्र्याच्या अंगावर इतके साहेब.

तोडगा तसा साधा होता, पण कुठला शब्द आधी यावर आमची बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी एलसीतलं वर्णन जसंच्या तसं आधी ठेवलं आणि पुढे जोडलं: ‘फ्रेश नागपूर ऑरेंज, म्हणजे मँडरीन, सिट्रस रेटिक्युलाटा’. कोड ०८०५ २१. जास्तीची माहिती मूळ वर्णनाला खोडत नसेल, तर बँक सहसा अडवत नाही. पेटीवरचा छापा होता तसाच राहिला. शिपिंग बिलाची चेकलिस्ट, म्हणजे दाखल करण्याआधीचा मसुदा, अजून मंजूर केली नव्हती, म्हणून हे सगळं कागदावरच निभावलं. शिपिंग बिल दाखल झाल्यावर असतं, तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज, कारण आणि हेलपाटे.

दुपारी दुबईहून फोन आला. खरेदीदाराच्या ऑफिसातला मुलगा केरळचा, हिंदी बेताची पण गोड. त्याला अरबी लेबल करायचं होतं. म्हणाला, ऑरेंज लिहिलं तर अरबीत बुर्तुकाल होईल आणि गिऱ्हाईक भलतंच फळ समजेल. बुर्तुकाल हे नाव पोर्तुगालवरून पडलंय. मँडरीनला तिकडे युसुफी म्हणतात, ते लिहू का? मी म्हटलं, लिही. मग मीच त्याला नारंगची कथा ऐकवायला गेले, तर तो हसायला लागला. त्याच्या घरी नारंगा म्हणजे लिंबू! नारंगावेळ्ळम मागितलं की लिंबाचं सरबत येतं. बांगलादेशची फाईल शेजारीच पडली होती, तिथे आपलं संत्रं कोमला आणि घट्ट सालीचं ते माल्टा. बंगाल्यांनी दोन फळांना दोन नावं ठेवून हा गोंधळ कधीच मिटवलेला आहे.

सही करताना भाऊंनी विचारलं, मग आपला संत्रा हा शब्द कुठचा? पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला असं बरेच जण सांगतात, मी म्हटलं. पण बाबराने हिंदुस्थानातल्या फळांची यादी लिहिली, तिच्यात संगतरा आहे, आणि तो १५३० मध्ये वारला. पोर्तुगीजांचं पाऊल इथे पडलं १४९८ साली. इतक्या थोड्या वर्षांत त्यांच्या गावाचं नाव बाबराच्या ताटात येऊन पडलं, हे मला काही पटत नाही.

“पोर्तुगालचा नाई वो, काटोलचा हाये,” भाऊंनी निकाल दिला आणि पेनाचं टोपण लावलं. दारापर्यंत जाऊन परत वळले. “म्याडम, ते मोसंबी खरी ऑरेंज म्हणे ना तुमी? तिकडं तिले भाव काय हाये?”

मी दुबईच्या मेलमध्ये शेवटी मोसंबीच्या दराची चौकशी जोडली.