आमची वाटचाल: काळ्यानंतर पिवळा

जुनं एकरंगी ऑफसेट मशीन, एक कटिंग मशीन आणि दोन माणसं, म्हणजे मी आणि मशीनमन. पंधरा वर्षांपूर्वी आमची प्रेस अशी सुरू झाली. आज चाररंगी मशीन आहे, अकरा माणसं आहेत, लॅमिनेशन आणि डाय-पंचिंग बाहेर पाठवावं लागत नाही. आमच्या माहितीपत्रकात एवढंच छापलंय. त्यात नसलेली गोष्ट अशी की यातली पहिली दहा-अकरा वर्षं मी घरी फक्त झोपायला जात होतो.

एकदा रात्री मुलाने सहीसाठी प्रगतिपुस्तक पुढे केलं. मी ते दिव्याखाली धरलं, तिरकं करून पाहिलं आणि म्हणालो, "रजिस्टर हललंय. निळा बाहेर आलाय." (रजिस्टर म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसणं.) पोरगा म्हणाला, "बाबा, मार्क बघ ना." बायकोला हे ऐकून हसू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

मग सगळे करतात ते मीही केलं. डायरी आणली, पहाटे उठून याद्या केल्या. जॉब कार्डांवर लाल 'अर्जंट' स्टिकर लावायला सुरुवात केली. महिनाअखेरीला भिंतीवरचं एकही कार्ड बिनस्टिकरचं उरलं नव्हतं. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ साली एका भाषणात कुठल्याशा माजी कॉलेजप्रमुखाचं म्हणणं सांगितलं होतं: तातडीच्या गोष्टी महत्त्वाच्या नसतात आणि महत्त्वाच्या तातडीच्या नसतात. ऐकायला छानच आहे. पण पार्टी काउंटरवर उभी असताना तातडीचं काय, ते पार्टीच ठरवते.

माझा प्रश्न सुटला तो मशीनकडे बघून. एकरंगी मशीनवर रंग बदलायचा म्हणजे शाई काढा, रोलर धुवा, ब्लँकेट (कागदावर शाई उतरवणारं रबर) पुसा, पुन्हा शाई भरा, मग दहा-वीस कागद वाया घालवून रंग जुळवा. काळ्यानंतर पिवळा लावायचा असेल तर रोलर दोनदा धुऊनही पिवळ्यात मळकट झाक राहते. म्हणून कुठलाही शहाणा मशीनमन फिकट रंगाची कामं आधी उरकतो आणि काळा शेवटी ठेवतो. जॉब अर्ध्यात थांबवून दुसरा चढवायला सांगितलं तर तो सरळ भांडतो, आणि बरोबरच करतो.

आणि मी काय करत होतो? सकाळी कोटेशन काढायला बसायचो. मध्येच थकलेल्या बिलाचा फोन, त्यात आवाज चढलेला. तसाच परत कोटेशनकडे. मग एक प्रूफ, मग कागदवाला, मग पुन्हा वसुली. दिवसभर न धुतलेल्या रोलरवर छपाई! एका कोटेशनमध्ये मी लॅमिनेशन धरायलाच विसरलो होतो आणि ते काम पदरच्या पैशाने करून द्यावं लागलं. ते कोटेशन वसुलीच्या भांडणानंतर लगेच काढलेलं होतं, हे तारखा लावून पाहिल्यावर कळलं.

तेव्हापासून माझाही क्रम फिकटाकडून गडदाकडे असतो. सकाळचे दोन तास कोटेशन आणि कागदाचा हिशेब. फोन काउंटरवरच्या मुलीकडे, ती निरोप लिहून ठेवते. दुपारी पार्ट्या. वसुली चारला, सगळी एकगठ्ठा. आधी मी ती अगदी शेवटी, दुकान बंद करताना करायचो, म्हणजे काळी शाई घेऊनच घरी. आता वसुलीनंतर अर्धा तास गोदामात रिमं मोजतो. मोजायची गरज असतेच असं नाही. तो रोलर धुण्याचा वेळ.

प्रूफवरची सही सोडणं मात्र फार जड गेलं. प्रत्येक प्रूफ माझ्या टेबलावरून जायचं, म्हणून मी जागेवर नसलो की मशीन उभं. शेवटी लेख आणि रंग बघायचं काम डिझायनरकडे दिलं, कागद आणि घडीचं जुन्या मशीनमनकडे. तिसऱ्याच आठवड्यात दणका बसला: तीनशे जीएसएमच्या जाड कागदाची घडीची कार्डं, ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) घडीला आडवा लागला आणि प्रत्येक घडीवर शाई तडकली. पाच हजार कार्डं रद्दीत. त्या रात्री सही परत माझ्याकडे घ्यायची असं मी ठरवूनही टाकलं होतं. सकाळी मशीनमन म्हणाला, "दादा, तुमच्या सहीनेही दोनदा असंच झालंय." खरं होतं. मग जॉब कार्डावर 'ग्रेन उभा / आडवा' अशी एक चौकट वाढवली आणि सही त्याच्याकडेच ठेवली.

तब्येतीचं कारण मी कधीच ऐकलं नसतं, पण आकडा समोर आला. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा १७ टक्के. मी माझे तास मोजले, सत्तरच्या वर भरले. आता पन्नासच्या आसपास असतात. सीझनला सगळं कोलमडतं. तेव्हा घरी आधीच सांगून ठेवतो की हे तीन आठवडे माझा हिशेब धरू नका. पूर्वी तेही सांगत नव्हतो.

रविवारी प्रेस बंद. फोन चालू असतो, पण उचलतो मशीनमन. गेल्या महिन्यात त्याने मला एकदाच फोन केला. चावी कुठे ठेवलीय, विचारायला.

प्रगतिपुस्तकांची छपाई अजूनही वाईटच येते. मार्क आधी बघतो.