पर्समधला चाकू

रोज खिशात ठेवायला कोणता चाकू घ्यावा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. द्राक्षबागेत वेलीची काडी, म्हणजे फांदी, कापून बघायला मी पर्समधून चाकू काढला की बागवाले आधी हसतात. "मॅडम, पर्समध्ये चाकू?" मग दोन ओळी पुढे गेलो की हळूच विचारतात, "रोज खिशात ठेवायला एखादा घ्यायचाय. दणकट पाहिजे. कोणता घेऊ?" निफाड-दिंडोरीकडे फिरताना खताच्या डोसाखालोखाल मला हाच प्रश्न विचारला जातो.

घोळ त्या 'दणकट' शब्दात आहे. मीही त्यातच फसले होते. पहिला घडीचा चाकू ऑनलाइन मागवला, काळा, मुठीवर कवटी, चार मिलिमीटर जाड पातं. डब्यातला टोमॅटो त्यानं चिरला जायचा नाही, फुटायचा. पातं पाचरीसारखं असेल तर दुसरं काय होणार? तरी जवळ बाळगला, कारण दिसायला भक्कम. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळं धरायला करतात त्या छाटणीच्या, आधी एका बागेत काडी पिकलीय का बघत होते. काडी आडवी कापली आणि आतला गाभा तपकिरी दिसला, म्हणजे पिकली. तिथवर ठीक होतं. मग खोडाची साल उचकटायला टोक दाबलं आणि उघडं पातं अडकवून ठेवणारा खटका सुटला. पातं मिटलं ते थेट तर्जनीवर. तीन टाके पडले. बागेतल्या आजींनी हळद दाबली आणि म्हणाल्या, "आमचा विळा कधी मिटला नाही बाई."

आजींचं खरं होतं. घडीचा चाकू म्हणजे मुळात मधोमध तुटलेला आणि खिळ्यानं जोडलेला चाकू. त्याचा सगळा दणकटपणा त्या खिळ्यात आणि खटक्यात असतो, पात्याच्या जाडीत नाही. माझ्या चाकूत मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकू द्यायची. त्या फटीत माती बसली होती, पट्टी अर्धीच सरकली, आणि मी वर जोर दिला. दोष त्याचा अर्धा, माझा अर्धा. म्हणून दुकानात पहिलं काम हे करा: चाकू पूर्ण उघडा आणि पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. खुळखुळलं तर खाली ठेवा. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला काढून पात्याच्या पाठीवर, म्हणजे बिनधारेच्या बाजूवर, दाब द्या. खटका जरा जरी सरकला तर तो चाकू फुकट दिला तरी घेऊ नका.

पोलादाबद्दल लोक फार बोलतात. मला त्यातलं एवढंच उपयोगी वाटतं की कठीण आणि चिवट हे दोन वेगळे गुण आहेत आणि एक वाढवला की सहसा दुसरा घटतो. कठीण पोलाद धार धरून ठेवतं, पण ताण आला की त्याची कड टवका उडून जाते. चिवट पोलादाची धार लवकर बोथटते, पण पातं वाकेल, तुटणार नाही. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापात मोजतात. व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल स्विस चाकूचं पातं 56 च्या आसपास असतं, हौशी लोकांना आवडणारं डी-2 पोलाद 60 च्या आसपास. आकडा ऐकून 60 वर उडी मारू नका. 56 वाल्याला घरच्या निसण्यावर पाच मिनिटांत धार येते. निसणा नसेल तर चिनी मातीचा चहाचा कप पालथा घाला, बुडाची जी खरखरीत कड असते तिच्यावरसुद्धा काम भागतं. डी-2 ला संध्याकाळ घालवावी लागते, आणि संध्याकाळी बागवाल्याला फवारणी असते.

सध्या माझ्याकडे ओपिनेल आहे, 8 नंबर, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. फ्रान्समधल्या साव्हुआ या डोंगरी भागात जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये शेतकऱ्यांसाठी हा घडवला. लाकडी मूठ, पातळ पातं, आणि 1955 पासून मुठीच्या तोंडाशी एक पोलादी कडं. ते फिरवलं की पातं अडकतं. आत माती गेली तरी धुतली की निघते. मी डावखुरी, पट्टीचे खटके बहुतेक उजव्या अंगठ्यासाठी बनवतात, पण कड्याला डावं-उजवं नाही. माझं पातं साध्या कार्बन पोलादाचं आहे, त्यामुळे कैरी चिरली की काळंनिळं पडतं. ओलं ठेवलं तर गंजतं. जुन्या विळीची सवय असलेल्याला यात नवल नाही. श्रावणात मात्र लाकूड फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही. तेव्हा मुठीचं बूड दगडावर आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं. पावसाळ्याआधी खिळ्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडते, तरी फुगायचं ते फुगतंच. हा त्रास नको असेल तर प्लॅस्टिकच्या मुठीचा घ्या.

तरुण पोरांना मात्र बटण दाबलं की उघडणारा हवा असतो, रामपुरीसारखा आवाज करणारा. तो नकोच. दिल्लीत तर 1980 च्या अधिसूचनेनं तीन इंच आणि त्याहून लांब पात्याचे बटनदार चाकू बाळगण्यावर बंधन आणलं. आपल्याकडे सणासुदीला नि निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली हत्यारं बाळगायला मनाई होते, आणि त्या यादीत सुऱ्याही असतात. तेव्हा मी चाकू गाडीतल्या अवजारांच्या पेटीत टाकते. बागेत जाताना तो अवजार असतो, मिरवणुकीत तोच हत्यार ठरतो, आणि ते ठरवणारे आपण नसतो. ठिबकची नळी, सुतळी, गोणी, फळ, इतकंच कापायचं तर तीन इंच पातं पुष्कळ झालं.

आणि उचकटायला चाकू वापरू नका. रंगाच्या डब्याचं झाकण, खिळा, खोडाची साल, काही नाही. त्याला पेचकस आहे.

ऑफिसच्या बॅगेत ठेवायचा असेल तर तो लाल स्विसच बरा. खटका नसलेला लहान आकार घ्या, तो कुणाला भीतीदायक वाटत नाही आणि कात्रीही मिळते. माझा दुसरा चाकू तोच होता. हातातल्या बॅगेच्या कप्प्यात विसरले आणि विमानतळावर तपासणीत गेला. तपासणाऱ्या पोरीनं कात्री उघडून बघितली, म्हणाली, "छान आहे हो ताई," आणि पेटीत टाकला.