हिरव्या शेंगेचं सोयाबीन : आमच्या वाणाची वाटचाल

कृष्णा-वारणेच्या काठी सोयाबीन म्हटलं की तेल आणि पेंड. आमची छोटी बियाणे कंपनी ज्या सोयाबीनवर काम करते, ते मात्र ताटात येतं. शेंग हिरवीगार आणि दाण्यांनी भरलेली असतानाच तोडायची, मिठाच्या पाण्यात पाच-सहा मिनिटं उकडायची आणि ओल्या भुईमुगासारखी सोलून खायची. जपानमध्ये हिला एदामामे म्हणतात. हे दाणे कच्चे खाऊ नयेत, कारण सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निकामी होतो.

सुरुवातीला जपानी बी आणून पेरलं की झालं, असं वाटत होतं. ते बी इथे उगवतं, पण २५ दिवसांच्या आसपास फुलतं. झाड तेव्हा जेमतेम वीतभर असतं, त्यामुळे पेरं कमी आणि शेंगाही कमी. कारण दिवसाच्या लांबीत आहे. सोयाबीन रात्र मोजतं. उत्तर जपानात जूनचा दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, आपल्याकडे तो तेरा तासांच्या जेमतेम वर जातो. लांब रात्र भेटली की जपानी झाड समजतं, हंगाम संपला, आता फुलायचं. याची उलटी बाजू आपल्या रानात कुणालाही दिसते. रस्त्याच्या दिव्याखाली येणारे सोयाबीनचे तास बाकीचं रान पिवळं पडलं तरी हिरवेच राहतात.

म्हणून पहिलं काम दाणा मोठा करण्याचं नव्हतं, फुलोरा लांबवण्याचं होतं. लहान दिवसातही आधी वाढणारं आणि मग फुलणारं झाड हवं. हा गुण आपल्या जेएस ३३५सारख्या वाणांत आहे. जबलपूरचा हा वाण १९९४ पासून शेतात आहे, पण त्याच्या १०० सुक्या दाण्यांचं वजन १० ते १३ ग्रॅम, दाण्याचा डोळा (शेंगेला चिकटण्याची खूण) काळा आणि आपल्या भागात तांबेऱ्यापुढे, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगापुढे, टिकत नाही. तांबेऱ्यासाठी कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचा फुले अग्रणी (केडीएस ३४४) घेतला. मोठ्या दाण्याचा पालक तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राकडच्या साहित्यातून. परदेशी बी आयात परवाना आणि विलगीकरण तपासणी झाल्याशिवाय रानात आणू नये. बियाण्यावरून येणारे रोग एकदा आले की हलत नाहीत.

संकराचं काम चिमट्याचं आहे. सोयाबीन स्वपरागी, फूल जेमतेम ६-७ मिलिमीटरचं आणि उमलण्याआधीच आतल्या आत परागीकरण उरकतं. त्यामुळे कळी नेमकी निवडावी लागते. पाकळीचं टोक निदलातून नुकतंच डोकावत असेल ती कळी बरोबर. पाकळी पूर्ण बाहेर आली असेल तर उशीर झाला. सकाळी निदलं सोलायची, पाकळ्या एकाच ओढीत काढायच्या, दहा पुंकेसर बाजूला करायचे आणि नराच्या नुकत्या उमललेल्या फुलाचे पराग स्त्रीकेसराच्या टोकावर हलकेच घासायचे. त्या पेरावरच्या बाकीच्या कळ्या खुडायच्या आणि रंगीत दोरा बांधायचा. पावसाची झड असेल किंवा कडक ऊन असेल तर बहुतेक कळ्या गळतात. शंभर कळ्यांतून वीस शेंगा धरल्या तरी दिवस चांगला गेला म्हणायचा.

दोन्ही पालक एकाच वेळी फुलवणं हा वेगळा त्रास. मोठ्या दाण्याचा पालक लवकर फुलतो, म्हणून जेएस ३३५ आधी पेरायचा आणि हा पालक त्यानंतर दर सहा-सात दिवसांनी तीन टप्प्यांत. ओळीवर दिवे टांगून संध्याकाळी तीन तास उजेड दिला तरी त्याचा फुलोरा लांबतो, पण लोडशेडिंगच्या गावात टप्प्याटप्प्याची पेरणीच खात्रीची.

संकर खरा झाला की नाही हे रोपातच कळतं. मादी पांढऱ्या फुलाची आणि नर जांभळ्या फुलाचा ठेवायचा. जांभळा रंग प्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा, असल्याने खऱ्या संकराच्या रोपाचा बुंधा आठवड्याभरातच जांभळट दिसतो. हिरव्या बुंध्याचं रोप म्हणजे मादीनं स्वतःचंच परागीकरण केलं, ते उपटायचं. ही खूण न ठेवता केलेले संकर आम्ही एका हंगामात वाया घालवले.

दुसऱ्या पिढीत शेकडो झाडं उभी राहतात आणि मोठे दाणे फार थोड्यांत सापडतात. ३० ग्रॅमचा पालक आणि १२ ग्रॅमचा पालक यांची संतती दोन्हींच्या मधोमध येत नाही, लहान दाण्याकडे झुकते. यावर उपाय म्हणजे पहिल्या पिढीचा संकर पुन्हा मोठ्या दाण्याच्या पालकाशी करायचा. लवेच्या रंगालाही त्याचा फायदा होतो. शेंगेवरची तपकिरी लव उकडल्यावर मळकट दिसते, ग्राहकाला राखाडी लव हवी, आणि राखाडी अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून आली तरच दिसते. साध्या संकरात ती चौथ्या हिश्श्यातच मिळते, राखाडी पालकाशी परतसंकर केला तर निम्म्या झाडांत.

पुढच्या पिढ्या लवकर मिळाव्यात म्हणून प्रत्येक झाडाचा एकेक दाणा घेऊन पुढे जायचं, खरिपात एकदा आणि डिसेंबरअखेर ते जानेवारीत पाण्यावर एकदा. उन्हाळी पेरणीत निवड जपून करावी. ११ तासांच्या दिवसात सगळीच झाडं ठेंगणी राहतात, म्हणून उंचीवरून झाड टाकू नये. मात्र त्या दिवसांतही जे गुडघ्याशी येतं आणि मग फुलतं, त्याला हमखास खूण करावी. पाचव्या पिढीपासून ओळी लावून शेंग मोजायची. शेंगेत दोन किंवा तीन दाणे, लांबी ५ सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी १.३ सेंटिमीटरच्या वर. एकदाणी शेंगा जास्त देणारी ओळ कितीही भरगच्च दिसली तरी बाद, कारण त्या शेंगा सोललेल्या दाण्यांच्या भावानेच जातात.

आता आमच्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट. निर्यातीच्या बाजाराला १०० सुक्या दाण्यांचं वजन ३० ग्रॅम किंवा जास्त हवं असतं. तेवढा दाणा आम्हाला मिळाला, पण तो उगवेना. मोठ्या दाण्याचं टरफल ताणलेलं असतं, मळणीत त्याला न दिसणारी चीर पडते. फार सुकं बी चिंब रानात पडलं तर पाणी इतक्या झपाट्याने आत घुसतं की डाळिंब्या (दाण्याच्या दोन फाका) फाटतात. आणि एवढ्या मोठ्या डाळिंब्या वर काढताना मातीवर पापुद्रा धरलेला असेल तर रोपाची मान मोडते. शिवाय खरिपात पक्व होताना पाऊस लागला की दाण्यावर जांभळा डाग येतो आणि चार महिन्यांत उगवण ढासळते. म्हणून आम्ही ठरवून २४-२५ ग्रॅमवर थांबलो. काही खरेदीदारांना हा दाणा लहान वाटतो. शेतकऱ्याच्या रानात न उगवणारं मोठं बी विकायचं नाही, हा आमचा निर्णय आहे.

बियाण्याची पिढी आम्ही उन्हाळी हंगामातच घेतो, म्हणजे पक्व होताना पाऊस नसतो. पण पेरणी जानेवारीच्या मध्यापुढे गेली तर एप्रिलच्या उन्हात दाणा बारीक आणि सुरकुतलेला येतो. मळणी १३-१४ टक्के ओलाव्यावर, मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४००. मूळ बियाणं काठीनेच झोडपतो. थप्पी पाच पोत्यांच्या वर नाही, पोतं आपटायचं नाही.

पेरणीचा हिशोब स्वतः करावा. ४५ बाय १० सेंटिमीटरवर एकरी सुमारे ९० हजार झाडं बसतात. १०० दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं तर साडेबावीस किलो, उगवण ७० टक्के असेल तर ३२ किलो. वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना), सरीच्या वरंब्यावर, ३ सेंटिमीटर खोल टोकण करावी. टोकण केल्याबरोबर पाणी सोडू नये.

शेंग काढणीचा काळ सहा-सात दिवसांचाच, उन्हाळ्यात त्याहून कमी. दाण्यांनी पोकळी भरलेली, दोन दाणे एकमेकांना टेकत आलेले आणि शेंग अजून गर्द हिरवी, ही वेळ. पिवळसर छटा आली की गोडी उतरते आणि दाणा पिठूळ होतो. पहाटे तोडून सावलीत न्यावं आणि लवकरात लवकर थंड करावं, कारण तोडल्यानंतरही शेंगेतली साखर खर्च होत राहते. एका प्रक्रिया कारखान्याने आमचा एक माल परत पाठवला, तो दुपारी तोडून ताडपत्रीखाली ठेवलेला होता. वाणाचा दोष नव्हता.

फवारणीच्या बाबतीत धान्याच्या सोयाबीनचं वेळापत्रक इथे चालत नाही. धान्याची काढणी होते त्याच्या कितीतरी आधी ही शेंग खाल्ली जाते. खोडमाशी आणि चक्रीभुंग्याचा बंदोबस्त फुलापूर्वीच करायचा. दाणा भरू लागल्यावर कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर किडे ओढणारे), निंबोळी अर्क आणि हाताने वेचणी एवढंच. शेंगेतला रस शोषणाऱ्या ढेकण्यांवर मात्र याने पूर्ण ताबा मिळत नाही. त्यांनी टोचलेला दाणा काळपट ठिपक्याचा निघतो आणि प्रतवारीत बाजूला पडतो.

सध्या सुवासाच्या संकरांवर काम सुरू आहे. काही जपानी वाणांच्या दाण्याला बासमतीसारखा वास असतो, आणि तो देणारा घटकही बासमतीतलाच आहे. गुण अप्रभावी, त्यामुळे पहिल्या पिढीत वास अजिबात येत नाही आणि घाबरून संकर टाकून द्यायचा मोह होतो. दुसऱ्या पिढीत प्रत्येक झाडाचे हिरवे दाणे वेगवेगळ्या झाकणाच्या बाटलीत गरम पाण्यात ठेवून हुंगावे लागतात, तेही एका वेळी वीसच, कारण पुढे नाक ओळखेनासं होतं. येत्या उन्हाळी हंगामात त्या बाटल्या लागतील.